रोखलेला श्वास

बसा.

नवी मुंबईतल्या पावण्यात जिथे असाल तिथेच बसा. गावातल्या ओट्यावर, कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या बाकड्यावर, रात्रपाळी करून आल्यावर घरातल्या खिडकीशी. शांत जागा शोधू नका. ती इथे मिळत नाही, आणि तिची गरजही नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कंटेनर जातो आहे. जाऊ द्या.

कुठे तरी भोंगा वाजतो. वाजू द्या.

हवेत रसायनाचा तिखट वास आहे. रोजचाच. त्यालाही असू द्या.

पूर्वेला डोंगर आहे. खाणींनी त्याची कूस कापली आहे आणि आतला काळा कातळ उघडा पडला आहे. त्याच्याकडे आपण येणार आहोत, पण सावकाश.

आधी एक श्वास घ्या.

लगेच सोडू नका. क्षणभर छातीत ठेवा. बरगड्या कशा पसरल्या आहेत, पोट कसे आत गेले आहे, खांदे कसे वर आले आहेत, ते आतून पाहा.

आता सोडा.

श्वास छातीत धरला होता, तो क्षण लक्षात असू द्या. आज आपल्याला त्या एका क्षणापाशी बसायचे आहे.

मनासमोर एक कागद आणा.

चारशे वर्षांपूर्वीचा, युरोपातला. लाकडाच्या लगद्याचा नाही. झिजलेले जुने कपडे कुटून केलेला. कुणाच्या तरी अंगावर विरलेले कापड आता कागद होऊन समोर पडले आहे.

कागदावर काळ्या खडूच्या रेघा आहेत. हा खडू फळ्यावरचा नव्हे. जमिनीतून खणून काढलेला मऊ काळा दगड, कापून काडीएवढा केलेला.

हातातही दगड, समोरही दगड. मध्ये एक माणूस.

त्याचे नाव पीटर पॉल रुबेन्स. 1600 साली तो फ्लँडर्सहून इटलीत आला, तेव्हा त्याला तेविसावे वर्ष चालू होते. 1608 पर्यंत तो तिकडे राहिला. मांतुआच्या ड्यूकची चाकरी करायची, संधी मिळाली की रोम गाठायचे, आणि तिथे व्हॅटिकनच्या बेल्वेदेरे चौकात पुतळ्यांसमोर बसायचे.

पुढे तो युरोपभर गाजला. खरे सांगायचे तर त्याची ती भव्य रंगीत चित्रे मला जड जातात. फार मांस, फार रेशीम, फार गर्दी. या खडूच्या चित्रांत मात्र तो गप्प आहे. एवढा गप्प रुबेन्स मला दुसरीकडे भेटलेला नाही.

त्याच्या शेजारी बसा. त्याला काही विचारू नका. तो जिकडे पाहतो आहे, तिकडे पाहा.

समोर संगमरवर आहे. तीन माणसे, दोन साप. मधला बाप लाओकोऑन, ट्रॉय नगरीचा पुजारी. दोन्ही बाजूंना त्याचे मुलगे. शत्रूने वेशीपाशी ठेवलेला लाकडी घोडा आत घेऊ नका, असे त्याने लोकांना बजावले. मग समुद्रातून साप आले.

कथा एवढीच. ती आता बाजूला ठेवा.

फक्त छाती पाहा.

साप डाव्या कमरेला डसतो आहे. त्या जागेपासून अख्खे शरीर दूर पळू पाहते, आणि त्याला पळता येत नाही. पोट आत ओढले गेले आहे. बरगड्यांची कमान वर उठली आहे. छाती लोहाराच्या भात्यासारखी फुगली आहे. तोंड अर्धवट उघडे आहे. किंकाळी अजून बाहेर आलेली नाही.

श्वास आत घेतला आहे. सोडलेला नाही.

सुमारे दोन हजार वर्षे सोडलेला नाही.

इथे थांबा.

त्या छातीकडे पाहता पाहता तुमचाही श्वास अडला आहे का? अडला असेल तर त्याला हळूच मोकळे करा. बारीक रेघ ओढताना चित्र काढणारा अनेकदा नकळत श्वास धरतो. सुईत दोरा ओवतानाही आपण तेच करतो. शरीराला वाटते, आपण हललो तर समोरचेही हलेल.

पुन्हा कागदाकडे या.

खडू कसा फिरतो ते पाहा. बरगडीवर तो दाबलेला नाही, नुसता टेकवत नेलेला आहे. मांस मऊ आहे तिथे रेघ विरते. हाड त्वचेच्या जवळ येते तिथे ती जागी होते. सावलीला कड नाही. सावली हळूहळू गडद होते, हळूहळू निवते.

घाई नाही. तुम्हीही करू नका.

तो एका जागी बसून राहत नाही. पुतळा तो समोरून काढतो, बाजूने काढतो, मागून काढतो. एका चित्रात धाकटा मुलगा त्याने पाठीकडून पाहिला आहे. पाठीला डोळे नसतात, ओठ नसतात. तरी त्या पाठीत भीती आहे.

ती पाठ थोडा वेळ पाहा.

मग स्वतःची पाठ आठवा. यंत्रासमोर, काउंटरमागे, गाडीच्या सीटवर दिवसभर वाकलेली. तिच्यात काय साठले आहे? उत्तर शोधू नका. तिच्याकडे लक्ष गेले, एवढे पुरे.

श्वास घ्या. सोडा.

रुबेन्सने पुतळ्यांवरून चित्रे काढण्याविषयी लॅटिनमध्ये एक लहानसे टिपण लिहून ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, 1708 मध्ये, रोजे द पिल या फ्रेंच लेखकाने ते छापले. पुतळे पाहा, अंगात मुरेपर्यंत पाहा, असे तो सांगतो. पण चित्राला दगडाचा वास येता कामा नये.

का, तेही तो सांगतो. दगडाची सावली जड पडते, कारण उजेड दगडात शिरत नाही. त्वचेत तो थोडा शिरतो. जिवंत त्वचा हलताना दुमडते, ताणते, तिला खळ्या पडतात. दगडाला यातले काही ठाऊक नसते.

हे वाचून विश्वास ठेवू नका. आपला हात उजेडासमोर धरा. खिडकीचा उजेड चालेल, मोबाइलचा टॉर्चही चालेल. बोटे जुळवा.

बोटांच्या फटी पाहा. कडा लालसर दिसतात.

उजेड आत गेला आहे.

तसेच थांबा. हात खाली घेऊ नका.

रुबेन्सला कागदावर ही लाली हवी होती, आणि ती काळ्या खडूने हवी होती. जिथे लाल नाही तिथे लाल दिसावे, यासाठी तो सावली हलकी करतो. दगडावर जेवढी काळी दिसते त्याहून कमी. समोर पडलेली सावली आणि कागदावरची सावली यांत थोडे अंतर राहते. लाओकोऑनला श्वास घ्यायला तेवढी जागा मिळते.

हात खाली घ्या.

आता त्या पुतळ्याच्या उजव्या हाताकडे पाहा. त्याची गोष्ट निराळी आहे.

14 जानेवारी 1506 ला रोममधल्या एका द्राक्षमळ्यात हा पुतळा मातीतून वर आला. पाहायला मिकेलांजेलोही गेला होता. बापाचा उजवा हात नव्हता. पुढे 1530 च्या दशकात मोंतोर्सोली नावाच्या शिल्पकाराने नवा हात बसवला, आकाशाकडे ताठ ताणलेला. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी लाओकोऑन पाहिला तो बहुतेक अशा ताठ हाताचाच.

1906 मध्ये लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममधल्या एका पाथरवटाच्या आवारात तुटलेला संगमरवरी हात दिसला. कोपरात वाकलेला, डोक्यामागे वळलेला. तोच मूळ हात होता. आणखी अर्ध्या शतकाने तो पुतळ्याला बसवला गेला.

तुमचा उजवा हात वर उचला. ताठ, छताकडे. श्वास कुठे आहे ते पाहा.

आता तोच हात कोपरात वाकवून डोक्यामागे न्या. श्वास कुठे गेला?

ताठ हात अजून लढत असतो. वाकलेला हात संपत आलेला असतो. हात बदलला आणि पुतळ्याचे सगळे म्हणणे बदलले. छाती मात्र रुबेन्ससमोर होती तीच आज आहे. म्हणूनच मी तुम्हाला छातीपाशी बसवले.

हात सैल सोडा. खांदा सैल सोडा.

पुतळ्यांसमोर बसण्याची ही रीत पुढे शाळांची झाली. 1665 मध्ये इटालियन शिल्पकार बेर्निनी पॅरिसला गेला. तिथल्या अकादमीला त्याने सांगितले, की मुलांना आधी प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींसमोर बसवा, जिवंत माणूस नंतर दाखवा. मूळ पुतळे रोममध्ये राहिले, प्रती जगभर फिरल्या.

1857 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली, आणि प्लास्टरची ही पांढरी माणसे समुद्र ओलांडून इथेही आली. पावण्याहून तिथे जायचे तर कोपरखैरण्याला किंवा तुर्भ्याला गाडी धरायची, वाशीला बदलायची, सीएसएमटीला उतरून चालत जायचे.

आज मनानेच जा.

उंच छत. मोठ्या खिडक्या. डाँकी नावाच्या बाकड्यांवर बसलेली मुले, पुढ्यात ड्रॉइंग बोर्ड, बोटे कोळशाने काळी. समोर प्लास्टरचे डोके. या वर्गाला अँटिक म्हणत. कुणी कोकणातून आलेला, कुणी देशावरून. 1890 मध्ये कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर याच शाळेत घडले. समोरचा देव ग्रीक की रोमन, त्याची कथा काय, हे त्या मुलांपैकी कितींना माहीत असेल? माहीत असण्याची गरजही नव्हती. नाकाची सावली गालावर कुठे संपते, एवढे पाहायचे होते.

प्लास्टरला चमक नसते. शिरा नसतात, रंग नसतो. त्याच्यावर उजेड पडतो आणि सावली पडते, बाकी काही घडत नाही. पाहायला शिकणाऱ्याला याहून सोपे काही नाही, आणि थोड्या वेळाने याहून अवघड काही नाही.

अजिंठा आपल्या मुलखात असताना आमच्या मुलांनी अपोलोचे नाक का गिरवायचे, असे पुढे अनेकांनी विचारले. प्रश्न रास्तच होता. त्याच शाळेचे विद्यार्थी आपले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याची चित्रे उतरवायलाही गेले होते, तेही तितकेच खरे. वाद आज नको.

त्याऐवजी एक मुलगी पाहा.

1896. विद्यार्थीदशेतले गणपतराव म्हात्रे, वय विशीच्या आसपास. त्यांनी प्लास्टरमध्ये घडवलेली मंदिरपथगामिनी. नऊवारी नेसलेली, हातात पूजेचे साहित्य, देवळाकडे निघालेली. अंगाचे वजन एका पायावर आहे, दुसरा पाय सैल. ही उभे राहण्याची तऱ्हा ग्रीक पुतळ्यांची. पण लुगड्याच्या निऱ्या पाहा. त्या ग्रीसच्या नाहीत.

निऱ्यांवरून नजर हळूहळू खाली न्या. पावलापर्यंत. मग पुन्हा वर आणा, छातीपर्यंत.

हिचा श्वास अडलेला नाही. तो चालू आहे. चालणाऱ्या बाईचा असतो तसा, तिच्या स्वतःच्याही लक्षात न येणारा.

तुमचा श्वासही तसाच राहू द्या. मोजू नका.

आता पाण्याकडे वळा.

पावण्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी. खाडी दक्षिणेला रुंदावत बंदराला मिळते. बंदरात घारापुरीच्या लेण्यांचे बेट आहे.

तिथे 1764 मध्ये कार्स्टन नीबूर नावाचा एक माणूस कागद घेऊन बसला होता. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला हा मोजणीदार. मोहिमेचा चित्रकार बाउरेनफाइंड मुंबईला येतानाच समुद्रात वारला होता. सहा जण निघाले होते. शेवटचा साथीदार मुंबईत गेला आणि नीबूर एकटा उरला. म्हणून लेण्यातल्या मूर्ती मोजणीदाराने स्वतःच काढल्या.

त्याची चित्रे मला सुंदर वाटत नाहीत. देव थोडे अवघडलेले आहेत. पण ज्याची सगळी माणसे तापाने गेली तो माणूस परक्या देवांसमोर बसून त्यांचे हात मोजतो आहे, मुकुट मोजतो आहे. त्याच्याजवळ एक क्षण थांबा.

काही म्हणू नका.

आता तो जिकडे पाहत होता तिकडे पाहा. आत, अंधारात.

मागच्या भिंतीत सदाशिव आहे. सहाव्या शतकातला, सुमारे साडेपाच मीटर उंच. तीन मुखे. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. हा संगमरवर नाही, प्लास्टरही नाही. काळा कातळ उजेड पिऊन टाकतो. सावली कुठे सुरू झाली ते आधी कळतच नाही.

थांबा. मुखे आपणहून पुढे येतात.

तुमच्या डावीकडचे मुख उग्र आहे. त्याला मिशा आहेत. त्याच्याजवळ नाग आहे.

इथेही साप आहे. पण हा डसत नाही. कुणाचा श्वास अडवत नाही. हातात सहज धरलेला आहे.

नजर मधल्या मुखाकडे आणा.

पापण्या मिटलेल्या. खालचा ओठ भरलेला. ओठ ओठावर टेकलेला. इथे किंकाळी नाही, आत घेऊन अडकवलेला श्वासही नाही. श्वास इतका सावकाश आहे की तो आत जातो आहे की बाहेर, ते सांगता येत नाही.

त्या ओठांपाशी राहा.

आत.

बाहेर.

लाओकोऑनची छातीही इथेच असू द्या. एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवू नका. दोन्ही शरीरे आपल्याला ठाऊक आहेत. रुग्णालयाच्या दारात उभे असतो तेव्हा पहिले. पहाटे जाग येते आणि अजून काही आठवलेले नसते, तेव्हा दुसरे.

आणखी एक श्वास.

मग पूर्वेच्या डोंगराकडे पाहा.

घारापुरीचा कातळ आणि हा कातळ एकाच घराण्यातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचे. तिथे तो माणसांनी आतून कोरला. इथे तो सुरुंग लावून फोडला, डंपरमध्ये भरला, आणि त्याची खडी आपल्या रस्त्यांत आणि इमारतींत गेली. तुमच्या पाठीमागच्या भिंतीतही तो असू शकेल.

भिंतीला हात लावा. थंड आहे की गरम?

हात तसाच ठेवा.

आता एक वही घ्या. कोणतीही, मुलांची रफ वहीसुद्धा चालेल. पेन्सिल घ्या. रबर नको. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत काय झाले होते, ते विसरा. आज कुणी तपासणार नाही.

समोर जो घट्ट, न हलणारा आकार असेल तो निवडा. घरातली मूर्ती, गावातल्या देवळाच्या पायरीवरचे झिजलेले कासव, फुटपाथवरचा दगडाचा तुकडा. सुबक काढू नका. सावली कुठे संपते, एवढेच पाहा. तिथे पेन्सिल टेकवा.

श्वास अडला तर पेन्सिल उचला. श्वास सोडा. पुन्हा टेकवा.

एक रेघ झाली की ती खोडू नका. तिच्या शेजारी दुसरी ओढा. पहिली चुकली असेल तर दुसरी जवळ येईल. जुन्या चित्रकारांच्या कागदांवरही अशा चुकलेल्या रेघा राहिलेल्या दिसतात, आणि मला त्या आवडतात. माणूस कुठे थांबला, कुठे वळला, ते त्यांच्यावरून कळते.

पाहत राहा. पाहणे जास्त, रेघ कमी.

पाच मिनिटे झाली असतील. दहा झाली असतील. कंटेनर अजून जातच आहेत.

रुबेन्सने काढलेली लाओकोऑनची चित्रे मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयात आहेत. तिकडे जाणे आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. घारापुरीला गेटवेहून बोट मिळते, आणि सोमवारी लेणी बंद असतात. जाताना वही न्या. फोन पिशवीत ठेवा, आणि सदाशिवासमोर निदान अर्धा तास तरी बसा.